उवैनाची मोजणी

डांबर संपतं तिथून पुढे अकरा किलोमीटर खारवट जमीन.
वरून पापडासारखी वाळलेली, खाली ओली.
गुलझमीर आधीच्या चाकोरीतून चाक ढळू देत नाही.
मग भूशिर निमुळतं होत जातं
आणि तिन्ही बाजूंना पाणी, पातळ ताकाच्या रंगाचं.
शमाल सुटलाय. डिसेंबरात इथेही कान दुखतात.

काम साधं आहे. त्रेचाळीस घरं, एक मशीद, एक विहीर.
कुंपण पडायच्या आत नकाशा हवा.
मी प्रिझमचा दांडा धरतो, बिजॉय यंत्रामागे एक डोळा मिटतो
आणि ढासळलेल्या भिंती कागदावर सरळ उभ्या राहतात.

भिंतीही समुद्राच्याच. प्रवाळाचे चिरे,
नाक लावून पाहिलं तर आत शिंपल्या, नखाएवढ्या.
वासे नाहीत. दारं नाहीत.
जाताना दारं ट्रकमध्ये घातली, खल्फान सांगतात,
लाकूड तुमच्या मुलखातून यायचं, महाग.
उंबरे कोण उचलणार.

खल्फान बिन मतर. इथे जन्मलेल्यांपैकी
काठीवर का होईना, चालू शकणारे एवढेच.
सकाळी नातू सोडून गेला.
त्यांचं हिंदी बापाने मोत्यांच्या दलालांकडून आणलेलं,
त्यात भाव आणि शिव्या जास्त.

गावामागे हाडांचा ढीग. मला वाटलं उंट असतील.
एक बरगडी उचलली तर हात खाली ओढला गेला,
हाड कसलं, वरवंटाच.
बगरत-अल-बहर, ते म्हणाले. समुद्राची गाय.
पाण्याखालच्या कुरणात चरायची. थंडीत कळपच्या कळप.
मतर तिच्यामागे जायचा, वल्ह्यांना चिंध्या गुंडाळून,
तिचे कान तिखट म्हणून.
पोटाशी पिल्लू असलं तर?
आणि घरी भुकेलं असलं तर, ते म्हणाले.
बरगडी माझ्या हातून घेऊन
होती तिथे, होती तशीच ठेवली.
माझा बाप बुरोंडीला पाग टाकतो. मी गप्प राहिलो.

सतरा! बिजॉय ओरडला.
सतरा नाही, खल्फान म्हणाले. शम्मा.

नकाशात नावांचा रकानाच नाही.
मी वही उलटी केली, मागच्या पानापासून लिहू लागलो.
शम्माचं घर: खजुराच्या पोत्यांचा पाक गळायचा,
त्याच्या पन्हळी अजून जमिनीत आहेत, वाळूने भरलेल्या.
रहमाचं घर: बुड्या मारून कान फुटलेले, त्यामुळे गुपितंही ओरडून सांगायचा.
थुवैनीचं घर: नाखव्याचं कर्ज बापाकडून मुलाकडे आलं,
मुलाकडून कुठे गेलं माहीत नाही.
इथे मी जन्मलो, हे चालता चालता, न थांबता.

अरबी मला लिहिता येत नाही. सगळं देवनागरीत.
एक अक्षर मात्र बसेना. घशाच्या तळातून येतं,
खोल विहिरीत पोहरा टेकावा तसं.
त्यांनी चारदा म्हणून दाखवलं, मी चारदा चुकलो.
आणि गावाच्या नावात तेच पहिलं.
मग संस्कृतच्या तासाचा अवग्रह आठवला,
अ निघून गेला की त्याच्या जागी
बाई फळ्यावर काढायच्या ते चिन्ह.
लिहिलं: ऽउवैना.

हे काय?
तुमचं ते अक्षर.
वही त्यांनी लांब धरली, मग डोळ्यांजवळ.
गळ आहे हा, म्हणाले. पण असा मासा सुटेल.
माझं पेन घेऊन
टोक जरा आत वळवून दिलं.

हॉर्न वाजला. नातू गाडीतून उतरला नाही.
किती झाली, बिजॉयने विचारलं, पाय मिटता मिटता.
त्रेचाळीस त्याच्या यंत्रात कधीच झाली होती.
एकतीस, मी म्हटलं.
बारा राहिली.